सुभेदार रामजी सकपाळ : पलटणीतली शाळा आणि घरातली शाळा

जालना जिल्ह्यातल्या राजूर परिसरात बौद्ध बांधवांच्या कोणत्याही घरात जा. समोरच्या भिंतीवर तथागताची प्रतिमा दिसेल, शेजारी पूज्य बाबासाहेबांची, आणि बहुतेक ठिकाणी माता रमाईची. सुभेदार रामजींची प्रतिमा मात्र क्वचितच दिसते. त्यांचे नाव आपण दररोज घेतो. बाबासाहेबांच्या नावाच्या मधोमध ते बसलेलेच आहे. भीमजयंतीच्या भाषणात वक्ते एका वाक्यात त्यांचा उल्लेख करतात, सैन्यात सुभेदार होते म्हणून सांगतात, आणि पुढे जातात. सुभेदार म्हणजे काय, ते पलटणीत करीत काय होते आणि पलटण सुटल्यावर त्यांनी काय केले, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

राजूरच्या मंडळींना पलटणीची गोष्ट परकी वाटू नये. आपल्या जिल्ह्यातच असई आहे. १८०३ साली तिथे इंग्रजांची आणि शिंदे-भोसल्यांची मोठी लढाई झाली. जालन्याला पुढे इंग्रजी फौजेची छावणीही होती. परंतु मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिला, तर कोकण आणि देश हे भाग मुंबई इलाख्यात गेले. या इलाख्याच्या सैन्यात आपल्या समाजातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या भरती मिळत होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आपण सर्वांनी पाहिला आहे किंवा पाहायचा ठरवला आहे. त्या स्तंभावर 'नाक' या प्रत्ययाने संपणारी जी नावे कोरलेली आहेत, ती आपल्याच पूर्वजांची.

त्या सैन्यात बंदुकीबरोबर दुसरीही एक वस्तू मिळत असे. ती म्हणजे पाटी. कंपनी सरकारच्या पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. मुलांसाठी दिवसाची शाळा, मोठ्यांसाठी रात्रीची. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याचा मुलगा छावणीत धुळाक्षरे गिरवीत होता आणि मुलगीही गिरवीत होती. गावच्या शाळेत ब्राह्मण-वाण्यांचीच मुले बसत, त्या काळातली ही गोष्ट आहे. इंग्रजांनी हे आपल्यावरच्या प्रेमापोटी केले, असे कोणी समजू नये. हुकूम वाचता येणारा, हिशेब ठेवणारा शिपाई त्यांना हवा होता. पण दिलेले अक्षर परत घेता येत नाही, हा हिशेब त्यांच्या ध्यानात आला नसावा.

रामजींचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले, गाव आंबडवे. वडील मालोजी हे पलटणीतून निवृत्त झालेले. रामजींचा जन्म १८४८ सालचा. मालोजींप्रमाणे तेही सैन्यात दाखल झाले. त्यांची सोयरीक मुरबाडच्या घराण्यात झाली, आणि ते घर तर लष्करीच होते. भीमाबाईंचे वडील सुभेदार मेजर, आणि त्यांचे सहाही चुलते त्याच हुद्द्यावर. म्हणजे दोन्ही घरांत साक्षरता होती, शिस्त होती, आणि पगाराची रोख रक्कम होती. गावकीच्या बलुत्यावर, पाटलाच्या वाड्यासमोर हात पसरून जगावे लागणारी घरे ही नव्हती. हा फरक ज्याला कळला, त्याला पुढचे सगळे कळेल.

रामजींना पलटणीने पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये पाठवले. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा. तिथली परीक्षा उतरून ते लष्करी शाळेत शिक्षक झाले आणि पुढे मुख्याध्यापक. मुख्याध्यापक म्हणून त्यांनी १४ वर्षे काढली. तेव्हा एखाद्या किल्ल्याच्या तटावर चढलेला, छाताडावर गोळी झेललेला सुभेदार डोळ्यांसमोर आणू नका. त्यांची सुभेदारी खडू, फळा आणि हजेरीपटावर खर्च झाली. इंग्रजी चांगले, मराठी चांगले, गणित पक्के. खेळाचीही हौस होती. क्रिकेट आणि फुटबॉल त्यांना आवडत असे. दारूला आणि मांसाला स्पर्श नाही, कारण ते कबीरपंथी होते. महात्मा जोतीराव फुल्यांविषयी त्यांच्या मनात मोठा आदर होता.

सुभेदार हा हुद्दा मोठा होता खरा, पण तो किती मोठा, हेही पाहिले पाहिजे. त्या काळी हिंदी माणसाला सैन्यात राजाची सनद मिळत नसे. सुभेदार आणि सुभेदार मेजर हे हिंदी माणसाचे शेवटचे पायरीचे दगड. तीस वर्षे नोकरी झालेला सुभेदार असला तरी कालपरवा विलायतेहून आलेल्या कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच तो उभा राहणार. तरीही आपल्या माणसांच्या दृष्टीने त्या हुद्द्याला फार मोल होते. महाराचा सुभेदार समोरून आला की सवर्ण शिपायालाही त्याला सलाम करावा लागे. गावात जोहार घालणारा हात छावणीत सलाम घेत होता.

हीच गोष्ट पुष्कळांना सलत होती. आणि मग १८९२ च्या सुमारास सरकारने सैन्यात महारांची भरती बंद केली.

त्याआधी भीमराव जन्मला होता. रामजींची पलटण तेव्हा मध्य हिंदुस्थानात महूच्या छावणीत होती. तिथे १४ एप्रिल १८९१ रोजी भीमाबाईंना चौदावे अपत्य झाले. चौदांपैकी जगली पाच : बळराम, आनंदराव आणि भीमराव हे मुलगे, मंजुळा आणि तुळसा या मुली. नऊ मुले मातीआड करणाऱ्या त्या माउलीची कल्पना आजच्या आयाबहिणींनी करून पाहावी. या जन्माविषयी साधूच्या आशीर्वादाची एक कथा सांगितली जाते. ती बाजूला ठेवलेलीच बरी. महामानव घडायला आशीर्वाद पुरत नाही. त्यामागे काय लागते, ते पुढे येतेच.

भरतीबंदीचे कारण काय दिले गेले? लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती असा एक सिद्धांत त्या वेळी लष्करी वरिष्ठांच्या डोक्यात बसला होता. लॉर्ड रॉबर्ट्स तेव्हा सरसेनापती होते. उत्तरेकडचे लोक लढवय्ये आणि दक्षिणेकडचे बिनकामाचे, असे ते मानीत. शिवाय पलटणी जातवार उभारायचे ठरले, म्हणजे अस्पृश्याच्या हाताखाली स्पृश्याने काम करण्याचा प्रश्नच उरणार नव्हता. कोरेगावचा स्तंभ उभारणाऱ्या सरकारनेच त्या स्तंभावरच्या माणसांच्या नातवंडांना बिनलढवय्ये ठरवले.

रामजी गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे ते गेले आणि त्यांच्या मदतीने भरतीबंदीविरुद्ध सरकारकडे अर्ज करवला. अशा अर्जांसाठी त्या काळी आणखीही माणसे झटत होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतले एक. तेही निवृत्त सैनिकच. सरकारने दाद दिली नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडून टाकली. दुसरे महायुद्ध आले, बाबासाहेब संरक्षण सल्लागार मंडळावर गेले, आणि १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्यातल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ साली श्रीलंकेत लढताना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जन्माने ते महार नव्हते. पण ज्या नावाच्या पलटणीला एके काळी बिनलढवय्या म्हणून दार बंद केले होते, त्याच नावाच्या पलटणीत देशाचे सर्वोच्च शौर्यपदक आले. रामजींना यातले काहीच पाहायला मिळाले नाही.

त्यांनी पाहिले ते एवढेच की आपल्या मुलांना आता पलटण नाही. म्हणजे पलटणीतली शाळाही नाही. मालोजींनी रामजींना जी वाट दिली, ती रामजींना भीमरावाला देता येणार नव्हती. १८९४ च्या सुमारास ते निवृत्त झाले आणि कुटुंब घेऊन कोकणात दापोलीला आले. पेन्शनर लष्करी मंडळींची तिथे वस्ती होती. पण निवृत्तीवेतनात मुलांचे शिक्षण भागणारे नव्हते. म्हणून रामजींनी पुन्हा नोकरी शोधली आणि साताऱ्याला बिऱ्हाड केले.

साताऱ्यात भीमाबाई गेल्या. धाकटा मुलगा तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा. रामजींची थोरली बहीण मीराबाई, शरीराने अपंग पण मनाने खंबीर, तिने घर सांभाळले. मीराआत्याने भिवाला आईची उणीव भासू दिली नाही, असे आपण म्हणतो. पण उणीव भासतेच. ती भरून काढायला एक बाई आपले सगळे आयुष्य देते, हे जास्त खरे.

आणि साताऱ्यात आणखी एक गोष्ट घडली. पलटणीच्या आवारात जे झाकले गेले होते, ते इथे उघडे पडले. चौदा वर्षे शाळा चालवलेल्या माणसाच्या मुलाला शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. नळाला हात लावायचा नाही. शिपाई पाणी घालील तेव्हाच प्यायचे, शिपाई नसेल त्या दिवशी तहान. न्हावी केस कापत नसे, म्हणून बहीणच भावांचे केस कापी. परीट कपडे घेत नसे, म्हणून धुणेही घरीच. सुभेदाराच्या गणवेशावर बिल्ले असले तरी न्हाव्याची कात्री त्याच्या मुलाच्या डोक्याजवळ यायला तयार नव्हती. तरी ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाले. आज महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात.

त्यानंतर १९०१ सालचा तो प्रसंग. तो तुम्ही ऐकला असेल. बाबासाहेबांनी स्वतः तो लिहून ठेवला आहे. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला होते. दुष्काळात माणसे हजारोंनी मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होते, आणि रामजी त्या कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांना बोलावून घेतले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशा थाटात मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आलेले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर दूर झाला. गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले आणि विटाळ नको म्हणून स्वतः खाली चालला. गाडी मुलांनीच हाकायची. डबा सोबत होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी गाडीतल्या मुलांबरोबर जातो, आणि ते बरोबरच आहे. परंतु मला पलीकडच्या टोकाला असलेला बापही दिसतो. मुलांचे पत्र आले होते. ते शिपायाने रामजींच्या हाती देण्याचे राहून गेले. त्यामुळे मुले निघाली हेच त्यांना ठाऊक नव्हते. दुष्काळी कामावर रोजंदारीच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसापुढे दुसऱ्या दिवशी अचानक पोरे येऊन उभी राहिली. त्यांच्या तोंडून रात्रीची हकीकत ऐकताना त्या जुन्या सुभेदाराच्या मनात काय आले असेल? पोरांना इतके नीटनेटके कपडे घालायला शिकवणारे तेच होते. नीटनेटके राहिले, नीट बोलले, शिकले की माणूस म्हणून वागवतील, ही पलटणीची शिकवण होती. मसूरच्या स्टेशनवर ती एका क्षणात फोल ठरली.

तरीही त्यांनी शिकवणे सोडले नाही. माझ्या मते रामजींचे खरे शौर्य इथे सुरू होते, आणि त्यासाठी कोणी पदक देत नाही.

साताऱ्यात असतानाच रामजींनी दुसरे लग्न केले. जिजाबाई नावाच्या विधवा बाईशी. भिवाला हे मुळीच रुचले नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून त्याचा संताप झाला. बापाच्या भाकरीवर जगायचे नाही, मुंबईला पळून गिरणीत नोकरी धरायची, असे त्याने ठरवले. प्रवासाच्या पैशासाठी आत्याच्या कमरेची पिशवी चोरायला तो रात्री जागला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, आणि आत निघाला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने मुलाला लाजवले. पळून जाण्याऐवजी अभ्यास करून लवकर पायावर उभे राहायचे, असे त्याने मनाशी पक्के केले. बाप-लेकांत सगळे गोड होते असे चित्र रंगवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. रुसवे होते, राग होता. अभ्यास मात्र दोघांनीही सोडला नाही.

घरातली शाळा कशी होती? तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि हॉवर्डची इंग्रजी पुस्तके रामजी मुलांकडून घोटून घेत. संध्याकाळी सगळ्या मुलांनी एकत्र बसायचे, भजने आणि संतांची पदे म्हणायची. गैरहजेरी चालायची नाही. रामायण-महाभारतही वाचून घेत. भिवा विचारी की ज्या ग्रंथांत आपल्याला हीन लेखले आहे, ते आपण का वाचायचे? रामजींचे उत्तर असे असे की आपल्या लोकांच्या मनात न्यूनगंड असतो. कर्ण पाहा, वाल्मीकी पाहा, लहान कुळातली माणसे कुठवर पोचली ते पाहा, म्हणजे तो गंड जाईल. मुलाला हे उत्तर पटले नाही. महाभारतातली आणि रामायणातली पात्रे त्याला आवडली नाहीत, आणि हे त्याने बापाला स्पष्ट सांगितले.

इथे थोडे थांबावेसे वाटते. नवदीक्षित घरांतून कधी कधी असे ऐकू येते की आजा-पणजा देव पूजत होते, त्यांचे नाव काय घ्यायचे. रामजी १९१३ साली वारले. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा ४३ वर्षे अवकाश होता. ते कबीरपंथी म्हणून जगले आणि कबीरपंथी म्हणूनच गेले. त्यांना ओढूनताणून बौद्ध ठरवण्याचे कारण नाही. ज्या घरात मुलाने बापाला का म्हणून विचारावे आणि बापाने त्याला थोबाडीत न मारता उत्तर द्यावे, असे घर त्यांनी उभे केले. मुलाचा प्रश्न पुढे १९५६ पर्यंत चालत गेला.

१९०४ च्या सुमारास बिऱ्हाड मुंबईला आले. लोअर परळला डबक चाळीत एकच खोली. तीत माणसे, भांडी, जाते आणि बांधलेली शेळी. भीमरावाला एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. त्याने लवकर झोपायचे; रामजी जागे राहत आणि रात्री दोन वाजता त्याला उठवीत. मग दिव्याच्या उजेडात मुलगा वाचत बसे आणि म्हातारा त्या जागी अंग टाकी. पलटणीत पहारे बदलतात, तसे या खोलीत झोपेचे पहारे बदलत होते.

पुस्तकांचा खर्च भागत नसे. भीमरावाला पुस्तक हवे असले की रामजी लेकीच्या घरी जात, तिच्याकडून पैसे उसने घेत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिथेही नसले तर तिचा एखादा दागिना मागत, सावकाराकडे गहाण टाकत आणि पुस्तक घेऊन येत. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून लेकीला परत. सासरी नांदणाऱ्या मुलीच्या अंगावरचा दागिना मागायला जाणाऱ्या बापाची मान किती खाली जात असेल, ते लेकींच्या बापांनाच कळेल. आणि त्या लेकी! भावाचे पुस्तक यावे म्हणून अंगावरचे उतरवून देणाऱ्या मंजुळा-तुळसांची जयंती कोणी करत नाही.

चर्नी रोडच्या बागेत भीमराव वाचत बसलेला असे. तिथे कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींची त्याच्याशी ओळख झाली. हायस्कुलातल्या एका परीक्षेच्या यशाबद्दल समाजातल्या मंडळींना मुलाचा सत्कार करायचा होता. रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. मंडळी केळूसकरांकडे गेली, केळूसकरांनी रामजींची समजूत घातली, तेव्हा कुठे सभा झाली. त्या सभेत केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावाला भेट दिले. ते वाचून आपण भारावून गेलो, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले आहे. बुद्धाची पहिली ओळख आपल्या घराण्यात आली ती अशी, सुभेदारांच्या नाही नाही म्हणण्यातून.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. कुटुंब परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत गेले, एक घरासाठी आणि एक अभ्यासासाठी. इंटरनंतर रामजींची ताकद संपली. केळूसकरांनी भीमरावाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे नेले, दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९१२ साली तो बी. ए. झाला.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून रुजू व्हायला निघाला. रामजींच्या हुद्द्याच्या वरचा हुद्दा मुलाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी मिळत होता. कुणालाही वाटेल की म्हातारा हरखला असेल. परंतु रामजींना हे पसंत नव्हते. बडोद्याला अस्पृश्यतेचा जाच फार होईल, मुलाला तिथे अपमान सोसावा लागेल, अशी त्यांची भीती. मसूरचे स्टेशन ते विसरले नसावेत. मुलाने ऐकले नाही. महाराजांचे ऋण फेडलेच पाहिजे, असे त्याचे मत. तो गेला.

पंधरा दिवसांच्या आत मुंबईहून तार आली की रामजी अत्यवस्थ आहेत. भीमराव तातडीने निघाला. सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला तो खाली उतरला, तेवढ्यात गाडी सुटली. पुढच्या गाडीने मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींची नजर दाराकडे लागलेली होती. मुलगा जवळ बसल्यावर त्यांनी थकलेला हात त्याच्या पाठीवरून फिरवला. बोलता काही आले नाही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचा प्राण गेला.

भीमराव बडोद्याच्या त्या लष्करी नोकरीवर परत गेला नाही. महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, आणि जुलैमध्ये तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला. रात्री दोनला उठवणारे आता कोणी नव्हते.